पान शहाण्णव, पान सत्त्याण्णव

११ फेब्रुवारी

अप्पांनी आज डॉक्टरांसमोर मला थापाड्या म्हटलं. वय वर्षं चौपन्न, डोक्यावरचे केस नावानिशी ओळखता येतील इतके उरलेले, एका दैनिकात एकवीस वर्षं वार्ताहर — आणि थापाड्या!

झालं इतकंच. डॉक्टर अप्पांना तपासायला आक्काकडे आले होते; वडील बहिणीकडेच असतात. मी म्हटलं, काल जिना चढताना त्यांना दोनदा धाप लागली. तर उशीवरून आवाज : "त्याचं अर्धंच धरा हं डॉक्टर. लहानपणापासून थापाड्या आहे तो. पेपरवाल्यांनी उगाच नाही ठेवून घेतला!" डॉक्टर हसले. आक्का हसली. मीही हसलो. सवय आहे.

जिन्यात डॉक्टर हळूच म्हणाले, "हृदय थकलंय. सहा महिने म्हणू. वर मिळाले तर ते बक्षीस."

सहा महिने. म्हणजे ते पुस्तक सहा महिन्यांत सापडायला हवं. नाहीतर हा माणूस मला थापाड्या म्हणतच जाणार, आणि मग ते खोडून काढायला समोर कुणी उरणार नाही.

१२ फेब्रुवारी

बातमीसारखं लिहून काढतो. आठवणीवर विसंबणारा वार्ताहर म्हणजे चाळणीत पाणी नेणारा.

वय दहा. अप्पा वाचनालयाचे बाइंडर. गावात दुसरा बाइंडर नव्हताच. फाटकी पुस्तकं घरी यायची, बाहेरच्या खोलीत उसवली जायची, दाभणाने पुन्हा शिवली जायची. वर काळं कापड, पाठीवर चिकटवलेला आकडा. नाव नाही, चित्र नाही. सगळी पुस्तकं वरून सारखी, गणवेशातल्या पोरांसारखी. परत पाठवण्याआधी मी ती वाचायचो. हा बाइंडरच्या मुलाचा हक्क!

माझं पुस्तक — आकडा ६१४. पहिलं पान नाहीच, त्यामुळे नावही नाही. एक नगर. तिथला राजा लोकांचे आवाज काढून घेतो आणि कोठारात मडक्यांत भरून ठेवतो. एक मुलगा आपला आवाज शोधायला कोरड्या विहिरीत उतरतो. खाली दारं. एकामागून एक. पान शहाण्णवची शेवटची ओळ अजून पाठ आहे — "त्याने शेवटचे दार ढकलले आणि". समोरचं पान, सत्त्याण्णव — "तराफ्यावर बसून, पाय पाण्यात सोडून ती गाऊ लागली."

ती! मुका मुलगा दारातून गेला आणि गाणारी मुलगी झाला. आवाज परत मिळाला तो इतका मोठा, की जुन्या देहात मावेना! पुढे ती चढत्या नदीवरून तराफा नेते. नदी डोंगर उतरत नाही, चढते. टोपी घातलेला एक बगळा वाट दाखवतो. वर एक म्हातारी, उद्याचे दिवस गाठोड्यात बांधून बसलेली.

त्यानंतर मी हजार पुस्तकं वाचली असतील. तेवढं मोठं दार कुणी ढकललेलं नाही.

१३ फेब्रुवारी

उरलेलं. काल लिहवेना.

संस्कृत पाठशाळेत शुक्रवारी प्रत्येकाने एक कथा सांगायची. मी ही सांगितली. गुरुजी तोवर डोळे मिटून ऐकत होते. गोष्ट दाराशी आली तसे उघडले. "मुलगा गेला आणि मुलगी झाली? कुठे लिहिलंय हे?" म्हटलं, पुस्तकात. "पान?" शहाण्णव. "पुस्तकाचा आकडा?" सहाशे चौदा. गुरुजी म्हणाले, "सोमवारी मागवतो. नसेल, तर मग बघू."

घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. सगळं. ते खळ ढवळत होते. ढवळतच राहिले.

सोमवारी गुरुजींच्या हातात ६१४. सगळ्या वर्गासमोर शहाण्णव आणि समोरचं सत्त्याण्णव वाचलं. मुलगा दारातून गेला आणि मुलगाच राहिला. मुलगी नाही, तराफा नाही, बगळा नाही. मी ओरडलो, "हे ते पुस्तक नाहीच! बदललंय कुणीतरी!" अप्पांना बोलावून घेतलं. त्यांनी गुरुजींसमोर माझ्या कानफटात दोन वाजवल्या. मग पाटीवर शंभर वेळा — मया असत्यम् उक्तम्. संस्कृताची सभ्यता बघा : मी खोटं बोललो असं म्हणायचं नाही, माझ्याकडून खोटं बोललं गेलं म्हणायचं. जणू शिंक आली!

मोठ्या पाठशाळेसाठी माझं नाव जायचं होतं. गेलं नाही. 'थापाड्या' हे मात्र गेलं — गावभर.

कुठेतरी ते खरं ६१४ आहे. असायलाच हवं.

१९ फेब्रुवारी

वाचनालयाच्या जागी आता पलंग-गाद्यांचं दुकान. पुस्तकं रद्दीत गेली. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "पुस्तक नाही साहेब, पण बसून बघा, स्प्रिंग कशी आहे." बसलो. बरी आहे.

२ मार्च

मुख्य कार्यालयात फोन करून संपादकांना विचारलं, रविवारच्या पुरवणीत चार ओळी देता का? 'हे पुस्तक कुणाला आठवतं का?' म्हणून. ते म्हणाले, "तुम्ही? गटारांच्या निविदांवरून एकदम परीकथेवर? तब्येत ठीक आहे ना?" मग म्हणाले, द्या. पुरवणीत जागा उरलीच आहे.

८ मार्च

छापून आलं. अप्पांना आक्काने वाचून दाखवलं. अप्पा : "अजून तेच? दुसरी थाप सुचली नाही वाटतं."

१७ मार्च

पत्रं! एकोणचाळीस. एका निविदेवर कधी एक आलं नव्हतं.

गंमत अशी, की दोन तट पडलेत. एका तटाला विहीर, मडकी, मुका मुलगा सगळं लख्ख आठवतं, आणि 'तराफा वगैरे आपण कुठून घुसडलात?' असा सवाल आहे. दुसऱ्या तटाला नदी, बगळा, म्हातारी पाठ, पण विहीर म्हटली की संताप. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी लाल शाईने लिहिलंय : 'आपली स्मृती सदोष आहे. पुस्तकात मुलगा नव्हताच. विहीर आपण स्वप्नात पाहिली असावी.' खाली दहापैकी तीन गुण दिल्यासारखी रेघ.

विहीरवाले बावीस, तराफेवाले सतरा. दोन्ही आठवणारा एक नाही. मी एकटाच.

नाव कुणालाच सांगता येत नाही, पण भांडायला सगळे तयार! लहानपणाच्या बाबतीत माणसं जमिनीच्या वादापेक्षा कडवट होतात.

१८ मार्च

आक्काला पत्रं दाखवली. भांडी विसळत होती. म्हणाली, "एवढा खटाटोप कशासाठी? त्यांनी तुला थापाड्या म्हणू नये म्हणून?"

"हो."

"तुला निदान काहीतरी म्हणतात. मी तेहतीस वर्षं त्यांचं सगळं करते. मला काय म्हणतात माहितेय? ‘ए’."

हसलो. ती हसत नव्हती.

२९ मार्च

पुरवणीत दोन्ही तटांची पत्रं आमनेसामने छापलीत. संपादक खूष. "चालू द्या," म्हणाले. माणसं भांडली की अंक खपतो. हे शास्त्र आमच्याकडे फार जुनं.

६ एप्रिल

दुपारी फोन. आवाज म्हातारा पण ठणठणीत.

"विहीर आणि तराफावाले साहेब तुम्हीच का?"

"मीच."

"मी जुळारी. छापखान्यात सत्तेचाळीस वर्षं खिळे जुळवले. दोन्ही पुस्तकं माझ्या हातची. अहो, ती दोन पुस्तकं! एक ‘मुक्यांचे कोठार’, दुसरं ‘चढती नदी’. एकाच वर्षी, एकाच मापाची, एकाच टाइपात. कागदसुद्धा एकाच खेपेचा. मालक कंजूष!"

मी खुर्चीवर बसलो. बगळ्याच्या टोपीबद्दल विचारलं, खात्री म्हणून. तो खो खो हसला. "टोपी नाही हो ती! मुकुट होता. चित्राचा ठोकळा पडून तुटला. अर्धा मुकुट छापला गेला, त्याची टोपी झाली. चित्रकार रडायचा बाकी होता!"

खरा माणूस. टोपी मी पुरवणीत लिहिली होती, तुटका ठोकळा नाही.

"मग माझ्या पुस्तकात दोन्ही कसं?"

"पान किती म्हणालात? शहाण्णव ना? मग सोपंय. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे छापलेल्या कागदाची एक घडी. सहा फर्मे की शहाण्णव. सातव्यापासून दुसऱ्याचे लागले. दोन्ही उसवून शेजारी ठेवली असणार. पण साहेब, प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाला पुस्तकाची खूण असते. ती न बघता शिवायचं म्हणजे — कोण गाढव होता तुमच्याकडे बाइंडर?"

मी म्हटलं, "होता एक."

६ एप्रिल, संध्याकाळ

सोळा सक शहाण्णव. बाइंडरच्या घरात जन्मलो, फर्मे मोजून मोजून द्यायचं काम माझं, आणि चव्वेचाळीस वर्षांत हा साधा पाढा म्हणता आला नाही! मनातल्या मनात म्हटला असता तरी कळलं असतं. मला बहुधा कळून घ्यायचं नव्हतं. मला ते दार हवं होतं.

दार नाही. दोन फर्म्यांमधली फट!

पण आता दुसरी गोष्ट डोकं वर काढते आहे. शुक्रवारी पुस्तकात मुलगी होती. सोमवारी नव्हती. आकडा तोच. मधे शनिवार आणि रविवार.

गुरुजींच्या हातातल्या त्या पुस्तकाचा पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकला होता. आत्ता आठवलं. खळ ओली असली की पुठ्ठा तसा वाकतो. शिकंज्यात दाबून ठेवायला वेळ मिळाला नव्हता.

७ एप्रिल

नगरपालिकेची बातमी दिली. तीत तीन चुका निघाल्या.

९ एप्रिल

गेलो.

अप्पा खिडकीत बसून संत्रं सोलत होते. त्यांची बोटं अजून बाइंडरची. साल एका पट्टीत निघते, तुटत नाही. आक्का बाजूला कपड्यांच्या घड्या करत होती.

म्हटलं, "अप्पा, सहाशे चौदा."

कसलं सहाशे चौदा, असं त्यांनी विचारलं नाही. साल सोलत राहिले. मग म्हणाले, "सापडलं वाटतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू घरी येऊन गोष्ट सांगितलीस, तेव्हाच. दार ढकललं आणि मुलगी. म्हटलं, गेलो. शनिवारी जाऊन दोन्ही पुस्तकं आणली. उसवली, नीट शिवली, सोमवारी सकाळी नेऊन ठेवली." एक फोड तोंडात टाकली. "त्या आधीच्याच महिन्यात एक तक्रार झाली होती माझ्यावर. पानं उलटी लागली म्हणून. दुसरी झाली असती, तर वाचनालयाचं काम सुटलं असतं. गावात दुसरं काम होतं कुठे?"

"आणि मी?"

"तू दहा वर्षांचा. दहा वर्षांच्या पोराची अब्रू ती केवढी! नखासारखी असते. कापली तरी वाढते."

"मारलंत कशाला मग?"

"गुरुजी उभे होते."

आक्काच्या हातातली घडी तशीच राहिली.

मी म्हटलं, "बरं. तेव्हाचं तेव्हा. वाचनालय बंद झालं, गुरुजी गेले. त्यानंतरही? परवा डॉक्टरांसमोर?"

अप्पांनी थोडा विचार केला. खरंच केला. "मधेच थांबलो असतो, तर तुला संशय आला असता."

असं म्हणून मला संत्र्याची एक फोड दिली. मी घेतली. खाल्ली सुद्धा! ह्या गोष्टीचा राग सगळ्यात जास्त येतो आहे.

१० एप्रिल

ज्या एका माणसाला पटवून देण्यासाठी मी आयुष्यभर तडफडलो, त्याला पहिल्या दिवसापासून खात्री होती. जगात मी खरा आहे हे पक्कं ठाऊक असलेला एकच माणूस, आणि त्यानेच कानफटात मारली.

मी प्रत्येक बातमीला दोन पुरावे मागतो. सहकारी हसतात. 'पुराव्याचे शास्त्री' म्हणतात. ही माझी सचोटी आहे असं मी समजत होतो. ती नुसती गालावरची आग होती.

१२ एप्रिल

आक्काचा फोन. "तू हे छापणार आहेस?"

"वाचक निकाल मागतायत."

"गावात बाइंडर एकच होता. नाव घातलं नाहीस तरी शेंबडं पोर ओळखेल. माणसं जिन्यापर्यंत येतील रे. त्यांना काय, ते उशीला टेकून बसतील. दार मला उघडायचंय."

"तू त्यांची बाजू घेतेस?"

"मी दाराची बाजू घेते," म्हणाली आणि फोन ठेवला.

१५ एप्रिल

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. मी जातो, ते भिंतीकडे वळतात. म्हणजे रुसायचा मानही त्यांनीच घेतला!

२१ एप्रिल

संपादक : "अहो शास्त्रीबुवा, विहीरवाल्यांनी तराफेवाल्यांना आता जाहीर आव्हान दिलंय. निकाल लावा. तीनशे शब्द. रविवारपर्यंत."

लिहिलं. सगळं. जुळारी, फर्मे, ओली खळ, दोन थपडा. वर्षानुवर्षांत इतकं स्वच्छ काही लिहिलं नव्हतं. एक शब्द जास्तीचा नाही. वाचून मलाच माझा हेवा वाटला.

२३ एप्रिल

पाठवलं नाही.

दुसरं लिहिलं. सहा ओळी. जसंच्या तसं इथे उतरवतो :

'गेले काही आठवडे या सदरात चर्चिलेले पुस्तक अस्तित्वात नव्हते. विहीर आणि तराफा ही दोन स्वतंत्र पुस्तके आहेत. त्यांची सांगड प्रस्तुत वार्ताहराने बालपणी स्वतःच्या मनाने घातली व ती वाचली असल्याचे सांगितले. ते खरे नव्हते. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे.'

हे पाठवलं.

ह्याला कुणी मोठं मन म्हणू नये. निदान ह्या वहीत तरी खरं लिहितो. छापली असती खरी हकीकत, तर अप्पा सुटले असते. चार माणसं दोन दिवस बोलली असती, मग 'म्हातारा माणूस, जाऊ द्या' म्हणाली असती. आता सुटका नाही. आता त्यांच्यासाठी मी चारचौघांत पुन्हा थापाड्या झालोय, आणि हे फक्त त्यांना ठाऊक आहे. बसा म्हणावं त्या ओझ्याखाली. मला त्यांना उपकाराने चिरडायचं आहे.

२६ एप्रिल

छापून आलं. मुख्याध्यापिका बाईंचा लगेच फोन : "मी म्हटलंच होतं." आवाजात केवढा आनंद! दहापैकी शून्य.

जुळाऱ्याचाही आला. म्हणाला, "साहेब, तुम्ही शहाण्णव आकडा सांगितला होता. मनाने रचणारा सोळाच्या पाढ्यात रचत नाही." त्याने पुढे विचारलं नाही. छापखान्यातला माणूस. काय छापलं जातं आणि का, त्याने बरंच पाहिलं असणार.

२७ एप्रिल

आक्का सांगत होती : अप्पांनी तो मजकूर दोनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा पेपर स्वतःच्या हातात मागितला. जेवले नीट.

जेवले नीट! म्हणजे चिरडले वगैरे काही नाही. मी सुद्धा कुणाला काय चिरडायला निघालो होतो!

२ मे

मुख्य कार्यालयातून पाकीट. आत टाचून दोन कागद.

पहिला वहीचा फाडलेला. अक्षर थरथरतं, पण ओळी सरळ, खाली पट्टी धरल्यासारख्या :

'मा. संपादक, आपल्या वार्ताहराने गेल्या रविवारी खोटे छापले आहे. पुस्तक होते. मी बांधले होते. पहिले सहा फर्मे एकाचे, पुढचे दुसऱ्याचे लागले. खूण मी पाहिली नाही. मुलगा दहा वर्षांचा होता व खरे बोलत होता. मला माहीत असून मी त्याला मारले. हे छापावे. काटछाट करू नये.'

दुसरा संपादकांचा, घाईतला :

'हे पत्र तुमच्याच गावाहून आलं आहे. सही वाचता येत नाही. गृहस्थ कोण आहेत? यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा का? तुम्ही समक्ष भेटून खात्री करा आणि कळवा.'